उजळणी, तुर्भे स्टोअर

बोर्डाला अकरा दिवस.
फळ्यावर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी,
मधली रेघ मी पट्टीनं ओढते
तरी खाली येता येता मराठीला जागा जास्त सोडते.

नाउन म्हणजे नाम. इथवर सगळे बरोबर असतात.
बटाटा, बाजार, बाकी, बाम,
बाजीराव येळे सांगत सुटतात.
मी म्हणते, हा तर अनुप्रास झाला, अलिटरेशन,
एकच अक्षर पुन्हा पुन्हा तोंडी येतं ते.
"आपण काय ठरवून नाय केलं, मॅडम."
ठरवून करतात त्यालाच दोन मार्क.

ॲब्स्ट्रॅक्ट नाउन : हाताला लागत नाही ते.
गुणवंती भोईर विचारते, मग ओव्हरटाइम कशात धरायचा?

सिमिली, उपमा. लाइक किंवा ॲज हवं,
आपल्याकडे सारखा, जसा, परमाणे.
(प्रमाणे, मी खोडते. मलाही वर्गाची सवय लागली.)
मेटाफर, रूपक. त्यात सारखं-बिरखं नाही,
सरळ तेच होऊन जायचं.
"म्हंजे मुकादम बैलासारखा, ही सिमिली.
मुकादम बैल, हे मेटाफर?"
बरोबर.
"दुसऱ्यात जास्त समाधान आहे."
गाइडमध्ये हे नाही. मी कोपऱ्यात लिहून ठेवते.

ओनोमॅटोपिआ कुणालाच म्हणता येत नाही,
डी.एड.ला असताना मलाही येत नव्हता.
आवाजावरून झालेला शब्द, एवढं लक्षात ठेवा :
खळखळ, सळसळ, किणकिण.
पन्नास किलोची गोणी पाठीवरून उतरते तेव्हा?
बाजीराव विचार करून म्हणतात, "हुं."
तो आवाज गोणीचा की माणसाचा
यात पाच मिनिटं जातात.

मग व्हॉइस.
ॲक्टिव्हमध्ये करणारा पुढे उभा असतो.
पॅसिव्हमध्ये तो वाक्याच्या शेपटाला, बाय लावून,
आणि बाय गाळला तरी वाक्य पुरं होतं,
परीक्षक मार्क कापत नाहीत.
द गेट वॉज क्लोज्ड. द शिफ्ट वॉज चेंज्ड.
कुणी, ते विचारायचं नसतं.

तिसरा बाक रिकामा आहे.
हणमंत शेडगे, हजेरी क्रमांक चौदा, सतरा नंबरचा फॉर्म,
सोमवारपासून वाशीच्या दवाखान्यात.
बाजारातल्या नोंदीत आहे : थप्पी कोसळली, उजवा हात चेंगरला गेला.
थप्पीनंच मनावर घेतलं जणू.
याला चेतनगुणोक्ती म्हणतात, पर्सनिफिकेशन,
निर्जीवाला माणसाचे गुण चिकटवणं.
गुण की दोष, गुणवंती पुटपुटते,
आणि मी ऐकलं नाही असं दाखवते.
तीच नोंद ॲक्टिव्हमध्ये करा, असा प्रश्न
माझ्या तोंडाशी येतो.
नको. उत्तर सगळ्यांना येतं.

शेवटचा शब्द अपॉस्ट्रॉफी. याला दोन अर्थ, गोंधळू नका.
एक, अक्षर गळालं तिथं वर लटकलेलं टिंब, शेपटीचं :
डोन्ट, कान्ट.
दुसरा, अलंकार : जो समोर नाही
त्याच्याशी समोर असल्यासारखं बोलणं.
उदाहरणाला मी वाऱ्याशी, चंद्राशी बोलणारी ओळ
काल रात्री काढून ठेवली होती.

गुणवंती पेन ठेवते. तिसऱ्या बाकाकडे वळते.
"हणमंतदादा, शाळेतनं लेखनिक मिळतो.
अर्ज शुक्रवारपर्यंत. मी आणलाय, सही डाव्या हातानं चालते."
मागून कोणीतरी,
"अन् तुझी वही माझ्याकडं आहे, शेडग्या. भिजली नाय."
मग बराच वेळ त्या बाकाशीच बोलणं चालतं,
भाकरी कोण नेणार, भाडं कोण बघणार,
कुणी एक, कुणी दोन वाक्यं,
व्याकरणात एकही चूक नाही.

खडू माझ्या हातात तसाच.
चंद्राची ओळ मी लिहीत नाही.

नऊ पंचवीस. खाली वॉचमन किल्ल्या खुळखुळवतो.
"ओनोमॅटोपिआ," बाजीराव म्हणतात,
न अडखळता.