राहूची दोन मिनिटं

पंचांग येतं एप्रिलात, ताडगुळाच्या ढेपेसोबत,
नल्लूरच्या मामाकडून,
पानांच्या कडा चिकट.
त्यातला सूर्योदय जाफन्याचा.
आम्ही राहतो बोट्सफियोरला,
जिथे नॉर्वे संपत येतो
आणि कॉड मासा सुरू होतो.

स्वयंपाकघरात दोन घड्याळं.
एक कारखान्याचं, दुसरं अम्माचं,
हिवाळ्यात साडेचार तास पुढे.
शुक्रवारी तिकडे साडेदहाला राहू बसतो,
म्हणजे इकडे सकाळी सहाला.
म्हणून सातच्या पाळीसाठी
अम्मा पावणेसहालाच उंबरा ओलांडते
आणि बर्फात, बंद दारापाशी उभी राहते.
तूर्लाइफ मुकादमाला वाटलं, केवढी कामसू बाई!
त्यानं कारखान्याची किल्लीच देऊ केली.
अम्मानं ती घेतली,
पण वेळ बघून, बुधवारी.

नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो तो जातोच.
मी तेव्हा सातवीत, नुकती शहाणी झालेली:
दिवस म्हणजे उगवतीपासून मावळतीपर्यंत,
त्याचे आठ भाग, त्यातला एक राहूचा.
इथे दिवसच नाही, अम्मा.
शून्य भागिले आठ.
दोन महिने राहूला सुट्टी!

ती माशाचे काटे उपसत राहिली.
मग हात धुऊन मला खिडकीशी नेलं.
पुनव होती. चंद्र मावळायचं नावच घेत नव्हता,
तीन दिवस गावाभोवती फिरत होता,
टेकडी, धक्का, पुन्हा टेकडी,
गस्तवाल्यासारखा.
"सूर्यापासून बारा अंश सरकला, की तिथी पालटते.
सूर्य दिसायलाच हवा
असं कुठे लिहिलंय?"

पोंगल आला. सण सूर्याचा, सूर्य गैरहजर.
विजेच्या शेगडीवर दूध उतू गेलं,
अम्मानं दक्षिणेला वाटी उचलली.
दक्षिणेला शेजारच्या गुनहिल्डचं अंधारं गॅरेज.
गुनहिल्डनं हात हलवला.

मग एका सोमवारी, डोंगराच्या खाचेतून, तो आला.
शाळेची पोरं गोड पाव खात रस्त्यावर,
कारखान्यानं यंत्रं थांबवलेली.
सोळा मिनिटं.
मी मोजत होते. अम्माही, ओठ न हलवता.
सोमवारी राहूचा भाग दुसरा.

पहिली दोन मिनिटं तिनं रबरी हातमोज्यांसकट हात जोडले.
पुढची दोन ती नुसती उभी,
हात खाली, नजर बुटांवर.
तूर्लाइफनं विचारलं, बरं वाटत नाही का?
उत्तर नाही.
पाचव्या मिनिटाला तिनं माझी टोपी सारखी केली
आणि त्याला म्हणाली, "हं, आता बोला."

त्या रात्री मामाच्या पंचांगात,
समासात, पेन्सिलीनं, एक ओळ वाढली:
बोट्सफियोर. उदय अकरा तीन.
अस्त अकरा एकोणीस.