खालचा सी बेमोल

तेव्हा मी अन्सेल्मोकडे शिकत होते,
मातोझिन्योशला, टायरच्या दुकानावरच्या खोलीत.
पियानो नव्हताच. चार सप्तकांचा प्लास्टिकचा कीबोर्ड,
त्यातला एक 'फा' अडकायचा,
आणि संगणकात, बेचाळीस जीबींत घडी घालून ठेवलेला
कुठल्या तरी थंड गावातला थोरला पियानो.

काम होतं सार्डिनच्या बंद पडलेल्या कारखान्यावरचा माहितीपट.
ग्रासा विलारिन्यो, दिग्दर्शिका, ऐकून म्हणाली,
"कोरडा वाटतो. डब्यातला."
मग स्वतःच हसली,
विषयच डब्यांचा होता.

अन्सेल्मोने बाह्या सारल्या.
तीनशे हर्ट्झच्या आसपासचा चिखल उपसला,
वरच्या अंगाला थोडी हवा सोडली,
जुन्या टेपची ऊब, चिमूटभर.
"घुमारा मिठासारखा," तो म्हणायचा,
"कळला की जास्त झाला."
डावा हात जरा मागे सरकवला, उजवा केसभर उशिरा आणला.
माणसाची बोटं एका वेळी पोचत नाहीत म्हणे,
एका वेळी पोचतात ती फक्त बिलं.

शेवटी कॉम्प्रेसर.
मोठ्याला दाबायचं, लहानाला वर उचलायचं.
असं जगात कुठे होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं,
गिळलं.

आणि स्वर भरला.
खालून झेफेरिनो हातात पाना घेऊन जिना चढून आला,
दारातच उभा राहिला,
"कधी आणलात? आणि या जिन्यातून वर चढवलात कसा?"

सगळं जमलं होतं.
फक्त डावीकडच्या एका सी बेमोलच्या शेपटीला
काहीतरी चिकटून येत होतं.

हेडफोन. पुन्हा. पुन्हा.
स्वर विझत जातो, विझत जातो,
आणि अगदी तळाशी
कुणीतरी श्वास घेतं.

अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, प्रत्येक सोळा वेळा,
हलकी, त्याहून हलकी,
दर वेळी शेवटचा कंप मिटेपर्यंत दगड होऊन बसायचं;
अख्खा हिवाळा वाजवायचं
आणि एकही गाणं वाजवायचं नाही.
त्या कुणाला तरी इथे, फक्त इथे,
दम धरवला नव्हता.

ग्रासा म्हणाली, काढून टाक.
मी म्हणाले, राहू दे ना, किती जिवंत आहे.
अन्सेल्मोने नुसता तुकडा लावला.
साडेतीन मिनिटांत तो स्वर एकोणीस वेळा,
आणि एकोणीस वेळा तोच श्वास,
तेवढाच लांब, तिथेच तुटलेला.
पाचव्या वेळी मला नकोसा झाला.
दहाव्या वेळी मीच हेडफोन काढले.

सकाळी आले तर तो खुर्चीतच झोपलेला,
कॉफीच्या कपात सिगारेट.
अठरा ठिकाणी त्याने तो स्वर उचलून
एक सप्तक वर नेऊन ठेवला होता,
चालीला ओरखडा न उमटू देता.
खालचा एकदाच उरला होता:
थांबलेला पट्टा, त्याच्या मागे भिंत,
भिंतीवरच्या खिळ्यांना बायकांचे रबरी एप्रन,
वाळून ताठ झालेले.

मानधनात त्या रात्रीचे पैसे धरलेले नव्हते.

पहिल्या खेळाला कुणाच्याही लक्षात आलं नाही.
माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारी होती,
कारखान्यात बत्तीस वर्षं डब्यांत मासे रचलेली.
एप्रन दिसले, स्वर विझत गेला,
आणि तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं,
मी काही बोलले असेन
असं वाटून.