बादली

वाल्येवोच्या चढावर, रादोय्काच्या परसात
आलुबुखार सलग तिसऱ्या एप्रिलात
पांढराफेक फुलला.
फळ एकही धरलं नाही.

शेजारच्या झिवानने आपलं झाड तोडलं
त्यालाही तीनच वर्षं झाली.
वीतभर जमिनीचं भांडण.
तेव्हापासून बोलणं बंद.

"एकट्याने नाही धरत, मावशी,"
रोपवाटिकेतला पोरगा म्हणाला,
"दुसऱ्या जातीचं फुललेलं लागतं जवळपास."
ती सुटे पैसे मोजत राहिली,
रोप न घेताच परतली.

आज उजाडताना
कुंपणाच्या खांबाला पत्र्याची बादली टांगलेली,
पाण्यात हातभर फांदी, फुलांनी गच्च,
कुठून तोडून आणली कोण जाणे.
मधमाश्या केव्हाच कामाला लागलेल्या.

रादोय्का बराच वेळ बघते.
मग म्हणते,
बादली तर माझीच आहे.
चार वर्षं झाली, नेली होती मेल्याने.