रकाना सात

ग्रंथालयातला प्रिंटर पानामागे पंधरा सेंट घेतो.
अर्ज अकरा पानांचा. मी नऊच छापली.
शेवटच्या दोन पानांवर नुसत्या सूचना,
त्या तिथेच पडद्यावर दोनदा वाचून घेतल्या,
घरी जाऊन आईला स्पॅनिशमध्ये सांगायच्या म्हणून.

'असामान्य बुद्धीच्या बालकांसाठी',
एवढ्यावरच ती थांबली.
"म्हणजे हुशार?"
"हुशारच्या पुढचं."
"हुशार तर तूही होतीस," ती म्हणाली
आणि इस्त्रीची वाफ आमच्या मधून गेली.
मी पुढचा प्रश्न वाचला.

नाव: विल्मेर अंद्रेस किश्पे.
वय: तीन वर्षं दहा महिने.
घरात बोलली जाणारी भाषा. एकीपुरतीच जागा.
स्पॅनिश लिहिलं.
आजी फोनवर त्याच्याशी किचुआ बोलते,
आणि तो तिला तसंच उत्तर देतो,
पण रेघ संपली होती.

पहिला शब्द कितव्या महिन्यात?
आई आठवत राहिली.
त्या हिवाळ्यात ती दोन पाळ्या करत होती.
मला ठाऊक होतं: शब्द 'अजून', केळ्यासाठी, चौदावा महिना.
"दहावा लिही," ती म्हणाली.
मी बारावा लिहिला.
खोटं दोघींनी निम्मं निम्मं वाटून घेतलं.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
याचा पाळणा म्हणजे धुलाईच्या दुकानातली
चाकं लावलेली तारेची टोपली,
गरम चादरींवर झोपलेला हा,
आणि पाय बाहेर लोंबणारे.
त्यात कुणाला काय दिसणार होतं?
मोजे तेवढे कमी पडायचे.

रकाना सात:
आपलं मूल इतरांपेक्षा वेगळं कसं, पाचशे अक्षरांत लिहा.

आई जिथे साफसफाईला जाते
त्या बाईंनी सरावाचं पुस्तक दिलं होतं,
त्यांच्या ओवेनचं, मागच्या वर्षीचं.
ओवेनला शिकवायला दर शनिवारी एक माणूस यायचा.
बाईंनी सगळी उत्तरं खोडरबरानं पुसून दिली होती,
खूप मन लावून, पानांच्या बेचक्यात अजून चुरा होता.

विल्मेर पुस्तक उघडतो, प्रश्नाकडे बघतच नाही.
डोळे मिटून बोट फिरवतो कागदावर,
जिथे पेन्सिलीची खोच लागते तिथे थांबतो:
हे.
मग पुढचं पान. हे.
मी त्याच्यावर ओरडणार होते. ही चोरीच की.
तेवढ्यात सोळाव्या पानावर बोट थांबलं,
मागे आलं, परत गेलं,
त्यानं डोळे उघडले, चारही चित्रं पाहिली
आणि म्हणाला, "ओवेनचं इथं चुकलंय."

चुकलं होतंच.
मी मागची उत्तरं काढून पाहिली.

आता हे पाचशे अक्षरांत कसं मांडायचं?
आणि मांडलं तर पहिल्या ओळीतच 'नक्कल' येतं.
रात्री साडेअकरापर्यंत पेन हातात धरून बसले.
मग लिहिलं तेच जे सगळे लिहीत असणार:
शंभरपर्यंत मोजतो, रंग ओळखतो, कोडी आवडतात.
'कोडी आवडतात' हे आईला फार आवडलं.
तिनं ते दोनदा म्हणायला लावलं.

शुक्रवारी मी शेवटचे दोन तास बुडवले,
त्याला घेऊन अर्ज द्यायला निघाले.
वाटेत बर्फाचा चिखल, त्याचा एक बूट डाव्याचा उजव्यात,
मी वाकून बदलत असताना वरून त्यानं विचारलं,
"ओवेन असेल तिथे?"
"का रे?"
"त्याला सांगायचंय."

मी नाडी जरा जास्तच आवळली.
"सैल कर," तो म्हणाला.