वडगाव, रात्रीचे दोन

त्रेचाळीस जीबी. एकोणसत्तर टक्क्यांवर अडकलंय.
खाली मागावर अण्णांची पाळी,
खटाखट भिंतीतून येते, उशीतून येते.
सोळा वर्षं ह्याच ठेक्यावर मी राक्षस मारलेत.

आज नवा खंड उघडणार. बर्फाचा, म्हणे,
लेव्हल ऐंशीपर्यंत,
आणि विणकामात नवा धागा दिलाय: चंद्रसूत.
अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "भाव काय त्याचा?"

पडलाय, अण्णा. पहिल्याच आठवड्यात पडतो तिथंही.

गोकाकचा महांतेश येईल ढाल घेऊन,
खानापूरचा इनास उशिरा, नेहमीसारखा.
आमची टोळी बोलते ते निम्मं कन्नड,
उरलेल्या शिव्या.

शिवलीला नाही येणार.
यादीत तिचं नाव सात वर्षं करड्या अक्षरांत.
आम्हाला बरं करून करून ती दमली असेल,
की बैलहोंगलात नेट नव्हतं, की सासर,
विचारलं नाही कुणी.
जाताना एवढंच लिहिलं: बर्तीनि.
म्हणजे येते.
आमच्याकडं दोन्ही भाषांत
जाणारी माणसं हेच म्हणतात.

सत्त्याण्णव टक्क्यांवर लाईट गेली.
माग थांबला. बर्फही.
अंधारात खालनं अण्णा:
"कुठवर आलं रे तुझं?"