मुद्देमाल

वेंगुर्ल्याच्या कचेरीत मी नक्कलनवीस होतो.
पगार नऊ रुपये, शाई सरकारी, बोरू स्वतःचा.
खटला एकोणचाळीस. आरोपी सात:
बुधाजी तांडेल, इनास सुतार, गुंडू मिठागरी,
बंदरावरचे तीन हमाल, सहीच्या जागी अंगठे,
आणि आवडी, मयत सोमा गाबिताची विधवा,
धंदा मासळी सुकवणे.

आरोप: बेकायदा जमाव.
म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीच्या दिवशी
आत सावकार आणि वकील मते देत असता
ह्यांनी रापणीच्या मांगरात घागर ठेवली
आणि पुकारले, ज्याला वाटेल त्याने शिंपला टाकावा.
तिसरी म्हणजे बुधाजी. खुबा म्हणजे इनास.
कालव म्हणजे दोघेही नकोत.

मॅजिस्ट्रेट देशावरचे. मालवणी त्यांच्या कानात शिरेना.
मला म्हणाले, "शुद्ध करून सांगा."

बुधाजी बोलला:
"रापणीच्या दोरयेक जेचो हात लागलो, तेका वाटो.
तो आजारी पडलो, तरी वाटो.
तो बुडान मेलो, तर तेच्या बायलेक वाटो.
सुक्या म्हावऱ्यार पट्टी आमी भरतंव.
मगे दोरी ओढूची आमी, आनि वाटे करूचे तुमी?"

मी लिहिले:
'कर देणारास हक्क असावा असे आरोपीचे म्हणणे.'
वाचून दाखवले.
बुधाजीने पाहिले माझ्याकडे.
त्याचा ताजा बांगडा मी मीठ लावून परत केला होता.

आवडीला विचारले, मत म्हणजे काय, तुला कळते?
"मत आसा," ती म्हणाली. "इचारणारो नाय."
कोर्ट हसले. मीही हसलो.
माझ्या खोलीची घरपट्टी मालक भरी.
यादीत माझे नाव नव्हते,
मी ते कधी शोधलेही नव्हते.

मग हुकूम झाला: मुद्देमाल मोजा.
घागर उपडी केली. टेबलावर वाळू,
आठवड्यापूर्वीच्या ओहोटीचा वास.
दुपारभर मी ढीग लावत बसलो.
तिसऱ्या एकशे चौऱ्याऐंशी.
खुबे एकोणसाठ.
कालवे अकरा.
एकूण दोनशे चोपन्न. खाली साहेबांची सही,
सहीवर शिक्का.

घरी जाताना, साकवाच्या मधोमध,
पाय थांबले.
मतमोजणी मीच केली होती.
गावात शेट निवडून आले होते एकतीस मतांनी,
आणि सरकारी कागदावर बुधाजी तांडेल
एकशे चौऱ्याऐंशी मतांनी,
सहा आठवडे सक्तमजुरीवर.

घागर आवडीला परत.
शिंपले 'नष्ट करावेत'.
शिंपला नष्ट कसा करतात, कोणाला ठाऊक नव्हते.
शेवटी चुनेवाल्याने लिलावात घेतले, तीन आणे.
पावती मीच फाडली.

बुधाजी सुटून आला, गालफडे बसलेली.
सहा आठवड्यांचा त्याचा वाटा
रापणीने रोजच्या रोज काढून ठेवला होता.
आवडीने सुकवून, माडाच्या झापात बांधून.
हे कुठल्याच कागदावर नाही.

दिवाळीला म्युनिसिपालिटीच्या इमारतीला चुना काढला.
मी कसलासा अर्ज घेऊन ओसरीवर ताटकळलो,
भिंतीला टेकून, बराच वेळ.
रात्री बायकोने सदरा उलटासुलटा केला.
"पाठीला हे काय लागलंय?"
"भिंत," मी म्हणालो.
तिने दोनदा झटकला. दोरीवर टाकला तसाच.