रकाना

शर्यत काल संपली, पाय अजून पळतायत.
सोहारच्या मासळीबाजारातून रोविनानं
दोन पोती बर्फ आणला, सुरमईच्या वासाचा, फुकट.
नर्सबाई दहा किलोमीटर धावली,
एवढ्यावर विकणाऱ्यानं दिला म्हणे.

टबात मांड्यांपर्यंत बुडून
मी कोच मुंदिरचा तक्ता भरते.
झोप: चार तास. सकाळची नाडी: सहासष्ट, एरवी अठ्ठावन्न.
पोटऱ्या: दगड.
वजन: दीड किलो वर. मीठ कमी कर, असं तो लिहील.
अठ्ठेचाळीस तासांत माणूस सावरतो, तक्ता सांगतो.
माणूस सावरत असेल.
माझा आज सव्विसावा दिवस.

आपल्या भाषेत तिघींना एकच शब्द:
इस्पितळातली रात्रपाळी,
रांगेत ताटकळल्यावर येते ती पाळी,
आणि ही.
तिन्ही एका आठवड्यात आल्या की
सुपरवायझरपाशी मी पहिलीबद्दलच बोलते.

आईचा व्हिडिओ कॉल. मेडल देवापुढे ठेवलंस?
देव कपाटात आहेत, ग्लुकोजच्या डब्याशेजारी.
आजच ठेव गं, परवापासून तुला चालायचं नाही.
म्हणजे समुद्रापलीकडे तिला तारीख पाठ आहे.

तुमचं बरं होतं, मी म्हणते, चार दिवस आराम.
आराम कसला!
बाहेर बसवून दोन पोती शेंगा
फोडून घ्यायचे माझ्याकडून.

बर्फ विरघळला. पाण्यावर एक खवला तरंगतोय,
मेडलपेक्षा लख्ख.
ओल्या हातानं, पट्टी न लावता
मी तक्त्याच्या कडेला एक रेघ ओढते.
वर लिहिते: दिवस. खाली: २६.

संध्याकाळी ट्रॅकवर कोच कागद उलटसुलट करतो.
सव्वीस काय, वय?
वय चौतीस आहे, मी म्हणते, आणि पुढचं
जिभेवर जुळवत असतानाच
काल शेवटून पहिली आलेली शमसा,
आठशे मीटरवाली, एकोणीस वर्षांची,
कागद माझ्या खांद्यावर टेकवून
स्वतःच्या नावापुढे लिहिते: ३.

मग जरा थांबून,
कालच्या तारखेपुढे: २.

मुंदिरच्या ओठांत शिट्टी आहे.
वाजवायची राहून गेली आहे.